नडगी दुखतेय आणि मॅरेथॉन दोन महिन्यांवर

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सीएसएमटीपासून मुंबई मॅरेथॉन सुटते. नोव्हेंबर लागला की माझ्याकडे दरवर्षीचे तेच प्रश्न नव्या नावांनी यायला लागतात. दुखणं महिना-दीड महिना अंगावर काढायचं आणि मग ‘शर्यतीच्या आधी बरं होईल ना?’ असं विचारायचं, अशी पत्रं त्यात सर्वांत जास्त. पत्र वाचून निदान करता येत नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

शर्यतीसाठी कार्बन प्लेटचे (तळव्यात कार्बनची कडक पट्टी असलेले) महागडे बूट घेतलेत. झिजू नयेत म्हणून थेट त्याच दिवशी घालू का? (वय ३८, मुलुंड)

नाही. आधी दोन-तीन लांब धावा त्यांत होऊ द्या. पोटरी किंवा टाचेचं जुनं दुखणं असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय तेही नको.

शर्यतीच्या सकाळी केळं खावं की पोहे? (वय २७, परळ)

रविवारच्या लांब धावांआधी जे खाऊन पोट बिघडलं नाही, ते. मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून.

डाव्या नडगीत, आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर दुखतं. पाच आठवडे झाले. ग्रुपमधले म्हणतात, नडगी सगळ्यांचीच दुखते. पहिल्याच आठवड्यात काढलेला एक्स-रे नॉर्मल आहे. लांब धावेआधी डायक्लोफेनॅकची गोळी घेते, मग काही वाटत नाही. सहा किलो वजन उतरलंय, वेग वाढलाय. ३२ किलोमीटरची धाव तेवढी राहिली आहे. करू का? (वय ३४, डोंबिवली)

करू नका. आणि ती गोळी आजपासून बंद.

ताई, तुमच्या पत्रातला एकेक शब्द मी याआधी पुष्कळदा वाचला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. नडगीच्या कडेने वीतभर पट्टा दुखतो, धावायला लागलं की जाणवतो आणि अंग तापलं की कमी होतो, ते बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अतिताणाने नडगीच्या हाडाची कड दुखावणं. एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा, दाबली की कळ, धावावं तसं वाढत जाणारं, पुढे लोकलमध्ये उभं राहतानाही नाहीतर रात्री अंथरुणातही ठणकणारं दुखणं असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची, शंका घ्यावीच लागते. तुम्ही जागा चार बोटं मोजून लिहिलीत, तिथेच मी थबकले.

एक्स-रे नॉर्मल आला यावर विसंबू नका. पहिले दोन-तीन आठवडे अशी चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. तिच्याभोवती नवं हाड धरायला लागलं की मग दिसते, आणि काहींच्या बाबतीत तेव्हाही नाही. एमआरआयमध्ये ती लवकर कळते. तो करायचा की नाही, हे पाय तपासून डॉक्टर ठरवतील. ग्रुपमधल्या कुणी ठरवायचं नाही.

हाड बसल्या जागी घट्ट होत नाही. ताण पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. खरवडणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात ती जागा कच्ची असते. नेमक्या त्याच काळात आपण दर रविवारी किलोमीटर वाढवत नेतो, तेही पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटवर.

त्यात सहा किलो वजन उतरलं. तुम्ही ते कौतुकाने लिहिलंत, मला मात्र लगेच विचारावंसं वाटलं की पाळी वेळेवर येते का? ‘धावणाऱ्या बायकांची पाळी थांबतेच, ते फिटनेसचं लक्षण आहे’ असं सांगणारे ट्रेनर आहेत. हे साफ चूक आहे. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, पाळी लांबते आणि हाड भरून येत नाही. पुरुषांनाही हे होतं, फक्त तिथे पाळीसारखी खूण नसते. पाळी लांबली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि आहारतज्ज्ञाकडून रोजचं खाणं धावण्याच्या हिशेबाने मांडून घ्या.

आता गोळी. तिने चीर भरत नाही, फक्त कळ कळेनाशी होते, आणि त्या पायावर तुम्ही आणखी तीन तास आपटता. शिवाय घामाने अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं तेच बनू देत नाहीत. तहानलेल्या अंगाने तीन-चार तास धावणं आणि वर ही गोळी, यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पोटात रक्तस्रावाचा धोका निराळाच. केमिस्टकडे ती सहज मिळते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना, शक्यतो खेळाडूंना तपासणाऱ्यांना, दाखवा. तोवर धावणं बंद. तुमच्या जागची चीर वेळेत सापडली तर बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरते. नडगीच्या पुढच्या कडेची, पावलाच्या कमानीतल्या हाडाची आणि मांडीच्या हाडाच्या मानेची (खुब्याजवळच्या भागाची) चीर मात्र हट्टी असते. या शेवटच्या चिरेत जांघेत दुखतं. जांघेत दुखत असताना एक दिवसही धावू नये. गेल्या वर्षी एक तरुण गोळ्या घेऊन तसाच २१ किलोमीटर धावला. ते हाड पूर्ण तुटलं आणि स्क्रू घालावे लागले. त्याच्याही ग्रुपने ‘स्नायू धरलाय’ असंच सांगितलं होतं.

दर किलोमीटरला पाणी प्यावं का? ओआरएस घट्ट करून प्यायलं तर जास्त फायदा होतो का? (वय ४२, बोरिवली)

दोन्ही नको. तहान लागेल तसं प्या. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. मग मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं, आणि आजूबाजूचे ‘डिहायड्रेशन’ म्हणून आणखी पाणी पाजतात. लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त पिताय. ओआरएसच्या मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागतं, अर्ध्या बाटलीत कालवायचं नाही. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांवर अन्न नियामकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली ती उगाच नव्हे; लेबल वाचा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

शर्यतीनंतर सलाइन, आइस बाथ आणि मसाज असं ‘रिकव्हरी पॅकेज’ मिळतंय. घ्यावं का? (वय ३१, ठाणे)

सलाइन हा उपचार आहे. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या निरोगी माणसाच्या शिरेत सुई खुपसणं मला मुळीच पटत नाही. स्पर्धक खेळाडूंना तर १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन, रुग्णालयातले उपचार सोडले तर, परवानगीशिवाय उत्तेजकविरोधी नियमांनुसार चालत नाही. थंड पाण्याने दुखणं थोडं कमी वाटतं, मसाजनेही बरं वाटतं. त्यापलीकडे काही मिळत नाही. वरणभात, दही, अंडी आणि आठ तास झोप घ्या. लघवी कोकच्या रंगाची झाली तर मात्र थेट रुग्णालय गाठा, स्नायू विरघळल्याची ती खूण असू शकते.

डेंग्यूचा ताप उतरून पाच दिवस झाले. प्लेटलेट्स नॉर्मल. रविवारी २५ किलोमीटर धावू का? पपईच्या पानांचा रसही घेतोय. (वय २९, गिरगाव)

नाही. प्लेटलेट्स भरल्या म्हणजे हृदय आणि स्नायू सावरले असं होत नाही. डेंग्यूत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि ती रक्ताच्या त्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. धडधड, दम लागणं, जिना चढताना थकवा यातलं काही असेल तर फिजिशियनकडून ईसीजी काढून घ्या. काहीच नसलं तरी धावायच्या आधी त्यांना एकदा दाखवा. रसाने आजार लवकर बरा होतो असं मानून दिवस कमी करू नका.

मॅरेथॉननंतर पुन्हा कधी धावावं? (वय ३६, चेंबूर)

पहिला आठवडा चालणं, मग हलकं धावणं, वेगाचा सराव तीन-चार आठवड्यांनी. दहा दिवसांनीही लंगडत असाल तर दाखवा.

पेडर रोडच्या चढावर छातीत भरल्यासारखं होतं, थांबलं की दोन मिनिटांत जातं. गॅस असावा. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकार झाला होता. दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी नॉर्मल आहे. जानेवारीपर्यंत थांबून मग तपासणी केली तर चालेल का? आत्ता सोडलं तर नोंदणीची फी वाया जाते. (वय ५१, दादर)

चालणार नाही. हे पत्र मिळालं त्याच दिवशी मी यांना उलट कळवलं. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं छातीतलं दडपण गॅसचं आहे असं धरून चालायचं नाही, घरात हा आजार असताना तर नाहीच. पडून काढलेला ईसीजी नॉर्मल असतानाही हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असू शकतो. स्ट्रेस टेस्ट (सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी) करायची की आणखी काही, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तोवर धावणं आणि चढावर झपाझप चालणंही बंद. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे गेलं तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. फी जाऊ द्या. उद्या सकाळीच जा, आणि वडिलांच्या आजाराचे कागद सोबत न्या.