वाचकांचे प्रश्न : औषध लावूनही उवा परत का येतात?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे, केस कमरेपर्यंत. मेडिकलमधून आणलेलं औषध लावलं, उवा मेल्या. आठ-दहा दिवसांत पुन्हा डोकं खाजवायला लागली. औषधच बनावट होतं का? (सातारा)

उत्तर : बहुधा नाही, दुसरी फेरी राहिली. १ टक्का परमेथ्रिन लोशनने चालत्या उवा मरतात, पण बऱ्याच लिखा तगतात. लीख ७ ते १० दिवसांत फुटते आणि पिल्लू आणखी आठवडा-दीड आठवड्यात स्वतः लिखा घालू लागतं. म्हणून तेच लोशन नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. सगळं गणित या एका तारखेवर आहे.

लावताना होणारी मोठी चूक म्हणजे तेलकट केसांवर लोशन. आधी साध्या शाम्पूने तेल काढा. कंडिशनर लावू नका. टॉवेलने टिपून केस दमट ठेवा. लोशन मुळांपासून टोकापर्यंत, विशेषतः कानांमागे आणि मानेवर, चोळा. लांब केसांना एक बाटली अपुरी पडू शकते. १० मिनिटांनी नुसत्या पाण्याने धुवा, नंतर दोन दिवस शाम्पू नको. खरजेचं ५ टक्क्यांचं क्रीम वेगळं. ते डोक्याला लावू नका.

आता फणी. साधा कंगवा नव्हे, बारीक दात्यांची फणीच हवी. केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावा, बोटभर रुंदीच्या बटा पाडा आणि प्रत्येक बट टाळूपासून टोकापर्यंत विंचरा. दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसा, म्हणजे काय निघतंय ते दिसेल. (लोशनच्या दिवशी हे लोशन धुतल्यानंतर.) दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. ज्यांच्यात जिवंत ऊ दिसेल त्यांनाच औषध द्या. लोशननंतर ८-१२ तासांनीही उवा पूर्वीसारख्याच पळत असतील तर तेच औषध पुन्हा न लावता डॉक्टरांकडून दुसरं घ्या.

प्रश्न : लीख की कोंडा, कसं ओळखायचं?

उत्तर : बोटाने ढकला. कोंडा घसरतो, लीख केसाला चिकटून बसते. टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आतली लीख जिवंत असू शकते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे त्याहून लांबची बहुधा रिकामी टरफलंच.

प्रश्न : सासूबाई सीताफळाच्या बियांची पूड लावायला सांगतात. लावू का?

उत्तर : नको. उवा मरतातही, पण पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि डोकं धुताना ती डोळ्यात जातेच. रॉकेल तर मुळीच नको : टाळू भाजते, पेट घेण्याचा धोका वेगळा.

प्रश्न : गाद्या, सोफा, सगळं धुवून काढू का?

उत्तर : एवढं नको. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. ती उडत नाही, उड्याही मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि ओढणी गरम पाण्यात धुवा, फण्या-कंगवे कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवा. टाळूवर पू भरलेल्या पुळ्या किंवा मानेत गाठी असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.