वाचकांचे प्रश्न: आय१८एन, के८एस आणि मधले आकडे

प्रश्न: सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत आय१८एन, एल१०एन, के८एस असे शब्द सारखे भेटतात. त्यातला आकडा नेमका कशाचा?

उत्तर: गाळलेल्या अक्षरांचा. रोमन लिपीतल्या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवायचे, मधली अक्षरे मोजायची आणि त्यांच्या जागी आकडा लिहायचा. इंटरनॅशनलायझेशनमध्ये (सॉफ्टवेअर अनेक भाषा आणि देशांत चालेल असे बनवणे) २० अक्षरे आहेत. आय आणि एन बाजूला काढले की १८ उरतात. लोकलायझेशन (ते एखाद्या भाषेला किंवा प्रदेशाला साजेसे करणे) १२ अक्षरांचा म्हणून एल१०एन, कुबर्नेटिस (सर्व्हरवर ॲप्स चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) १० अक्षरांचा म्हणून के८एस. नवशिके हटकून चुकतात ते एका ठिकाणी: सगळी अक्षरे मोजतात आणि दोन वजा करायला विसरतात. इंटरनॅशनलायझेशन ब्रिटिश पद्धतीने झेडऐवजी एस घालून लिहिले, तरी मोजणी तीच राहते. त्यामुळे एकच लघुरूप दोन्हीकडे चालते.

प्रश्न: आमच्या टीमने अशी स्वतःची लघुरूपे तयार करावीत का?

उत्तर: सहसा करू नयेत. शब्दावरून आकडा काढता येतो, पण आकड्यावरून शब्द काढता येत नाही. ऑप्टिमायझेशन आणि ऑर्गनायझेशन दोन्ही १२ अक्षरांचे, दोन्ही ओने सुरू होऊन एनने संपणारे, म्हणजे दोघांचेही ओ१०एन. ए११वाय म्हणजे ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांगांनाही वापरता येणे) हे रुळले आहे खरे, पण अफोर्डेबिलिटी, ॲप्लिकेबिलिटी आणि ॲक्सेप्टेबिलिटी या तिन्हींचेही लघुरूप तेच होते. वापराने ज्याचा अर्थ पक्का झाला आहे तेवढेच घ्यावे. तेही फोल्डर, ब्रँच, टॅग, व्हेरिएबल यांच्या नावांत. सुरुवात अक्षराने होत असल्याने बहुतेक प्रोग्रामिंग भाषा असे नाव स्वीकारतात. मदतपानावर किंवा मेन्यूत मात्र पूर्ण शब्दच हवा; वापरणारा तोच शोधतो, आणि पानावर नुसते लघुरूप असेल तर साध्या शोधात ते पान हाती लागत नाही.

प्रश्न: रोमनमध्ये लिहिताना अक्षरे मोठी की छोटी?

उत्तर: आय छोटा, एल मोठा. बऱ्याच फॉन्टमध्ये मोठा आय, छोटा एल आणि एकचा आकडा वेगळे ओळखूच येत नाहीत. एल१०एन छोट्या एलने लिहिले, तर डोळ्यांना ते ११०एन दिसते.

प्रश्न: स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) ही लघुरूपे कशी वाचतो?

उत्तर: ए११वायमधले ११ कुठे ‘अकरा’ वाचले जातात, कुठे ‘एक एक’. एचटीएमएलचा ॲबर टॅग (वेबपानाच्या कोडमधली लघुरूपासाठीची खूण) लावून टायटलमध्ये पूर्ण शब्द दिला की काम झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. टचस्क्रीनवर किंवा नुसत्या कीबोर्डने ते टायटल सहसा उघडतच नाही, आणि अनेक स्क्रीन रीडर ते आपणहून वाचत नाहीत. पहिल्या उल्लेखाला पूर्ण शब्द मजकुरातच लिहा आणि लघुरूप त्याच्या शेजारी ठेवा.

प्रश्न: मराठी शब्दांची अशी लघुरूपे करता येतील का?

उत्तर: करता येतील, पण आधी ‘अक्षर’ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि घोडे तिथेच अडते. ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ घ्या. आपण तोंडाने मोजतो ते असे: आं, त, र, रा, ष्ट्री, यी, क, र, ण. ही ९ झाली. युनिकोडमध्ये (संगणकात सर्व लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारे मानक) मात्र अनुस्वार, काना, वेलांटी आणि हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र संकेतांक असतो. एकट्या ‘ष्ट्री’चे सहा होतात: ष, हलन्त, ट, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. अख्ख्या शब्दाचे १७ भरतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या, लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला विचारा, ते १७च सांगेल. वाचकाला दिसणारे अक्षर मोजावे म्हणून ग्राफीम क्लस्टर (एक अक्षर म्हणून दिसणारा संकेतांकांचा गट) मोजायला गेलात, तर जुन्या नियमाने ‘ष्ट्री’ हलन्तापाशी तुटते आणि एकूण ११ येतात. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला. तो पाळणारी लायब्ररी ९ देते.

म्हणजे एकाच शब्दाची लघुरूपे आं७ण, आं९ण आणि आ१५ण अशी तीन निघतात. शेवटच्यात पहिल्या अक्षराचा अनुस्वारसुद्धा गळून मधल्या मोजणीत जातो. तेव्हा मराठी मजकुरात ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ पूर्ण लिहा आणि कोडमध्ये प्रचलित रोमन लघुरूपच ठेवा. मराठी मजकुराला अक्षरमर्यादा घालणारा फॉर्म बनवत असाल, तर तो यांपैकी कोणती मोजणी करतो ते याच शब्दाने तपासून पाहा.