जुना चेनसॉ घेताना काय पाहावे?

प्रश्न : वापरलेला पेट्रोल चेनसॉ (लाकूड कापण्याची साखळीची यांत्रिक करवत) घ्यायचा आहे. तो दिसायला नवाकोरा आहे. खरी स्थिती आणि किंमत कशी ठरवावी?

उत्तर : चकाकीवर जाऊ नये. विक्रेत्याने यंत्र आधीच तापवून ठेवलेले नाही ना, याची खात्री करून ते थंड असतानाच सुरू करायला सांगावे. इंजिन बंद करून निवल्यावर, शक्य असल्यास सायलेन्सर काढून धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून पिस्टनवर बॅटरीचा प्रकाश टाकावा. त्यावर खोल, उभे ओरखडे दिसले, तर पेट्रोलमध्ये मिसळायचे इंजिनाचे वंगण, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइल, बहुधा कमी पडले होते असे समजावे आणि ते यंत्र सुट्या भागांच्याच भावात मागावे. झिजलेली साखळी, बार (साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी) किंवा स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) बदलता येतात. तेवढा खर्च किमतीतून वजा करावा. साखळीचा ब्रेक मात्र लागत नसेल, तर विक्रेत्याने कितीही आग्रह केला तरी यंत्र चालवून पाहू नये.