हापूस दलालाकडे न पाठवता इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवरून विकणं छोट्या बागायतदाराला परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळ घरची थोडी कलमं आहेत, वडील माल नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात दलालाकडे पाठवतात, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या तुमच्या भावाचं म्हणणं आहे की यंदापासून सगळा आंबा सोशल मीडियावरून विकायचा. आमची बाग देवगड तालुक्यात आहे. आम्ही थोडा माल वाशीला पाठवतो, थोडा थेट गिऱ्हाइकाला देतो. माझं मत विचाराल तर पाव हिश्शापासून सुरुवात करा, एकदम सगळा माल नको.

दलाल म्हणजे माल विकून दलाली घेणारा माणूस, एवढंच चित्र शहरात बसून दिसतं. पण पावसाळा संपला की फवारणीला, राखणीला, गड्यांच्या पगाराला पैसा लागतो. तो बहुतेक छोट्या बागायतदारांकडे नसतो, आणि दलाल उचल, म्हणजे मालावर आगाऊ रक्कम, देतो. वडिलांनी उचल घेतली असेल तर माल कुठे जाणार हे मोहोर यायच्या आधीच ठरलेलं आहे. हे भावाला माहीत आहे का, ते आधी विचारा.

दुसरं म्हणजे दलाल सगळा माल घेतो. फळ लहान असो, डागी असो, त्या दिवशी वाशीत कितीही गाड्या उतरलेल्या असोत, तो माल काढून टाकतो. भाव पडतो, पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब) हातात आली की जीव तुटतो, पण आंबा खळ्यात पडून कुजत नाही. थेट विक्रीत हे सगळं घरावर येतं. प्रतवारी, अढी (गवतात फळ पिकत घालणं), खोकी, गाडीभाडं, पैशांचा पाठपुरावा, खराब फळाची भरपाई, हे सगळं. घरच्या माणसांची मजुरीसुद्धा खर्चात धरा, आणि मग उरलेल्या रकमेची पट्टीशी तुलना करा. इन्स्टाग्रामवर दिसणारा डझनाचा भाव आणि वाशीचा भाव यांतला फरक म्हणजे नफा नव्हे.

असं असूनही मी थेट विक्रीच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण आहे नाव. पेटी वाशीत उतरली की फळ कुणाच्या बागेतलं हे खाणाऱ्याला कधीच कळत नाही. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या नावाने सर्रास विकला जातो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं, पण ते कागदावर असून भागत नाही. तुम्ही त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या आणि तो क्रमांक खोक्यावर आणि पेजवर टाका. कुणाही अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवताना लोक घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या बागेचे फोटो उचलून आंबा विकणारी पेजेस दर हंगामात उगवतात.

त्यावर उपाय म्हणजे बाग दाखवणं. तेही एप्रिलमध्ये नाही. जानेवारीत मोहोर दाखवा, मग कणी धरलेली दाखवा, गोटीएवढी कैरी दाखवा. अवकाळी पाऊस पडला, तुडतुडे किंवा थ्रिप्स अशी कीड आली, तर तेही सांगा. मार्चमध्ये ज्याने गळलेला मोहोर पाहिलाय, तो मे महिन्यात चढ्या भावावरून वाद घालत नाही. बाजारात आपलं म्हणणं ऐकणारं कुणी नसतं. इथे ते आहे, आणि मला सोशल मीडियाचा हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आता तोट्यांकडे येतो. सगळ्यात वाईट साका, म्हणजे फळाच्या आतला दोष. फळ बाहेरून सोन्यासारखं, कापलं की आत पांढरट, दडस, आंबट. बाहेरून ओळखायची काही सोय नाही. बाजारातून घेतलेल्या आंब्यात साका निघाला तर माणूस चार शिव्या बाजाराला घालतो. तुमच्याकडून घेतलेल्यात निघाला तर फोटो तुमच्या नावासकट सगळ्यांसमोर येतो, आणि बागेत काही चुकलं नसतानाही उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. म्हणून पैसे घ्यायच्या आधीच लिहून कळवा की कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या खोक्यात जास्त देऊ किंवा पैसे परत करू. आणि तो शब्द पाळा. तक्रारीची कॉमेंट खोडू नका, तिच्याखालीच उत्तर द्या.

दुसरी नेहमीची तक्रार असते, ‘हिरवा आंबा पाठवलात’. झेल्याने (फळं उतरवायच्या जाळीच्या काठीने) देठासकट उतरवलेलं तयार फळ अढीत पिकायला आठ-दहा दिवस लागतात, हे शहरातल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. खोकं आल्यावर फळं कशी मांडायची, मऊ पडायच्या आधी फ्रिजमध्ये का ठेवायची नाहीत, याचा एक मिनिटाचा व्हिडिओ वडिलांच्या तोंडून करून घ्या. पार्सल निघालं की प्रत्येक गिऱ्हाइकाला तो पाठवा.

पैशांच्या बाबतीत कडक राहा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, तेव्हा खात्यात रक्कम दिसल्याशिवाय खोकं बाहेर काढायचं नाही. मोठी ऑर्डर देऊन ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा हमखास लुबाडणारा असतो. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फोन घरातल्या ज्याच्या हातात असेल त्याला हे नीट समजावून द्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

फॉलोअर्सच्या आकड्याला मी फार किंमत देत नाही. रील लाखभर लोकांनी पाहिली आणि त्यातले बहुतेक तुमचं खोकं पोचणार नाही अशा गावांत असले, तर उपयोग काय? जाहिरातीवर खर्च करायचाच असेल तर ज्या शहरात गाडी जाते तेवढंच शहर निवडा, आणि हंगामाच्या तोंडाशीच करा. शिवाय पेज तुमच्या मालकीचं नसतं. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे वर्षानुवर्षं जमवलेला प्रेक्षक लोकांच्या हातून गेला. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता आणि त्याने काय घेतलं हे वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर पहिल्याच फोनवर ‘आमचा नंबर सेव्ह करा’ असं सांगा, कारण ज्याने नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही.

आमच्याकडे वाटणी साधारण अशी असते. सुरुवातीचा थोडा माल वाशीला जातो, तेव्हा तिथे भाव चांगला असतो. अक्षय तृतीयेच्या सुमारापासून मुलांच्या सुट्टीत घरोघरी आंबा हवा असतो, आणि नेमका तेव्हाच आवक वाढून वाशीचा भाव उतरतो. तेव्हाचं निवडक फळ थेट गिऱ्हाइकाला. डागी आणि शेवटचं फळ कॅनिंगला. थेट विक्रीत फक्त एकसारखं, चांगलं फळ द्यायचं, म्हणून सगळा माल तिथे खपत नाही आणि खपवूही नये.

एक गोष्ट मात्र भावाला स्पष्ट विचारायला हवी. ऐन हंगामात फोन कोण घेणार? पहाटे फळ उतरवायचं, दुपारी प्रतवारी, संध्याकाळी खोकी गाडीत चढवायची, आणि त्याच वेळी ‘भाव काय?’ ‘कधी येणार?’ हे मेसेज येत असतात. वडिलांवर आणि आईवर हे टाकू नका. भाऊ पुण्यातून ऑर्डर, पैसे आणि तिथली घरपोच वाटणी सांभाळणार असेल, तरच पाव हिस्साही बाजूला काढा. सांभाळणार नसेल तर यंदा पुण्यातल्या पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात जागा मिळते का बघा. तिथे गिऱ्हाईक फळ हातात घेऊन, वास घेऊन विकत घेतं, आणि नंबरही आनंदाने देतं.

वडिलांची उचल किती बाकी आहे आणि पुण्याला गाडी आठवड्यातून किती वेळा जाते, हे कॉमेंटमध्ये लिहिलंत तर किती खोकी बाजूला काढावीत याचा अंदाज सांगू शकेन.