पाळूवरची झाडं आणि सांडव्यातली पोती

वाचकांची पत्रं : उत्तरं देत आहेत लघुपाटबंधाऱ्याच्या कामावर ३१ वर्षं घालवलेले एक निवृत्त शाखा अभियंता

साहेब, आमच्या गावचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळात गावच्याच लोकांनी माती वाहून बांधला. चार वर्षांपूर्वी शाळेतर्फे आम्ही त्याच्या पाळूवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीवर, करंज, लिंब आणि दोन वड लावले. आता कुणी म्हणतं, मुळं माती धरतात. कुणी म्हणतं, झाडं काढा. शिवाय पाळूच्या खालच्या अंगाला एका जागी पावसाळ्यात पाणी झिरपतं. घाबरायचं का?
*एक शिक्षिका, ता. भूम, जि. धाराशिव*

बाई, लेकरांनी पाणी घालून जगवलेली झाडं काढा म्हणायला जिवावर येतं. तरी सांगतो, काढा.

ओढ्याच्या काठाला, बांधाला झाडाची मुळं माती धरतात हे खरं आहे. पाळूचं तसं नाही. पाळूच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं कवच. पाणी अडवतो तो गाभा. झाडाचं मूळ ओलीच्या मागं जातं, म्हणजे नेमकं त्या गाभ्याकडं. झाड हिरवं असेपर्यंत निभून जाईल, पण ते वाळलं की मूळ आतल्या आत कुजतं आणि मागं पोकळ नळी उरते. पाण्याला तेवढी वाट पुरते. वड मोठा होऊन वादळात उलथला तर पाळूचा लचका घेऊनच खाली येतो. झुडपं माजली की घुशी आणि साळिंदरं बिळं करतात, आणि ती बिळं झुडपामुळंच आपल्याला दिसत नाहीत. पाळूवर हरळी असावी, बस. तिची मुळं वरच्या थरातच जाळं धरतात आणि पावसाच्या माऱ्यानं घळी पडत नाहीत.

तुमची झाडं चारच वर्षांची आहेत. मृग लागायच्या आत मुळासकट काढा आणि खड्डे त्याच जातीच्या मातीनं थराथरानं, थोडं पाणी मारून, धुम्मस करून म्हणजे ठोकून दाबून भरा. नुसती माती लोटून देऊ नका. पाळूवर जुन्या, मांडीएवढ्या बाभळी असतील तर त्यांना मात्र पावसाच्या तोंडावर जेसीबी लावू नका. ते काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला, खात्याचा माणूस समोर उभा करून करायचं असतं. करंजाची रोपं पोरांसमक्ष तळ्याच्या वरच्या अंगाला, पाणलोटातल्या बांधांवर हलवा. तिथं ती वाहून येणारा गाळ अडवतील. पोरांना कारणही सांगा, नाहीतर त्यांच्या मनात राहील की बाईंनी झाडं उपटली.

आता पाझर. मातीच्या पाळूतून थोडं पाणी झिरपतंच, म्हणून पाणी दिसल्याबरोबर घाबरू नका. पाण्याचा रंग बघा. काचेचा स्वच्छ पेला भरून घ्या आणि अर्धा तास ठेवा. तळाला गाळ बसतो का? एक बादली भरायला किती वेळ लागतो तेही मोजा. वहीत तारीख, तळ्यातली पाण्याची पातळी आणि हा वेळ, असं दर आठ दिवसांनी लिहा. सातवी-आठवीची मुलं हे काम आपल्यापेक्षा नेमानं करतात. पाणी नितळ आहे आणि तेवढंच येतंय, तर ठीक. तळ्याची पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली तर लेखी कळवा आणि पोच घ्या. पाणी गढूळ झालं तर मात्र ते पाळूची माती घेऊन येतंय असं समजा. त्या दिवशी वही-पेला बाजूला ठेवून आधी खालच्या वस्तीतली माणसं हलवा आणि तहसीलला फोन करा, कारण पाझर तलावाला बहुधा विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, नसतो. पाणी खाली सोडून वेळ मारून न्यायची सोयच नसते.

एक चूक मी अनेक गावांत पाहिली. गळती दिसली की लोक तिच्या तोंडात काळी माती कोंबतात. बाहेरून बूच मारलं तरी आतलं पाणी थांबत नाही. दाब वाढतो आणि ते दुसरीकडं तोंड काढतं. झिरपत्या जागेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी असे थर द्यायचे. पाणी निघून जातं, माती मागं राहते.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची वाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावानं आधीच केली होती. तेही लहान मातीचं धरणच. २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला खरा, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १० मीटरच्या आतले. त्यांच्यावर या कायद्याची नजर नाही, म्हणून तुमच्या मुलांची वही मला फार मोलाची वाटते.

आमची जमीन तळ्याच्या खाली, ओढ्याला लागून आहे. तळं पूर अडवतं असं ऐकत आलो, पण गेल्या सप्टेंबरात तळं असूनही सोयाबीन वाहून गेलं. मग तळ्याचा उपयोग काय? सांडव्यात दोन फूट पोती रचली तर जास्त पाणी थांबेल का?
*एक शेतकरी, ता. पाटोदा, जि. बीड*

दादा, पोत्यांचं आधी बोलतो. एकही पोतं ठेवू नका. कुणी ठेवलेलं असेल तर आजच काढा.

तळं भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं तो सांडवा. त्याची पातळी आणि पाळूचा माथा यांच्यात जी उंची मोकळी दिसते ती वाया गेलेली जागा नव्हे. पुराच्या वेळी सांडव्यावरून पाणी जाताना तळ्याची पातळी चढते, वर वाऱ्याच्या लाटा येतात, ते सगळं त्या उंचीत मावायचं असतं. तुम्ही दोन फूट पोत्यांनी खाल्ले की पुराचं पाणी माथ्यावर जातं. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती एखादवेळी टिकेल. मातीची पाळू काही तासांत कापली जाते. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेतही मातीचंच धरण होतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तळ्यावर मी अशी पोती पाहिली होती. गाव दुष्काळानं पिचलेलं होतं, लोकांना चार दिवसांचं पाणी जास्त हवं होतं. मी अहवालात एक ओळ लिहिली आणि निघून आलो. उत्तरा नक्षत्रात एका रात्री निरोप आला, पाणी माथ्याला वीतभर उरलंय. कमरेला दोर बांधून चौघांनी ती पोती एकेक ओढून काढली, मी कंदील धरून उभा होतो. पाळू वाचली. त्या चौघांपैकी कुणी गेला असता तर ती एक ओळ मला जन्मभर पुरली नसती. तेव्हापासून पोतं दिसलं की ते काढल्याशिवाय मी गाव सोडलं नाही.

आता उपयोगाचं. तुमच्या तळ्याला ५ चौरस किलोमीटरचा पाणलोट आहे असं धरा, म्हणजे ५०० हेक्टर. १०० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर ५० कोटी लिटर पाणी पडतं. जमीन आधीच भिजलेली असेल तर निम्मं वाहून येणार, म्हणजे २५ कोटी. जूनमध्ये तळं रिकामं असताना यातलं बरंचसं पोटात जातं आणि खाली ओढा नीट वाहतो. सप्टेंबरात तळं काठोकाठ. दरवाजे नाहीत, आधी रिकामं करता येत नाही. तेव्हा जेवढं येतं तेवढं सांडव्यावरून जातं. फक्त तळ्यात पसरून जातं म्हणून पुराचा लोंढा थोडा उशिरा आणि थोडा बसका होऊन खाली येतो. आपल्याकडं परतीचा पाऊस नेमका तळी भरल्यावर कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडला हेच झालं, जमिनी खरवडून गेल्या. तळ्यानं सगळा पूर अडवावा ही अपेक्षा त्याच्या ताकदीबाहेरची आहे.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. सांडव्याच्या पुढचा चर ओढ्यापर्यंत मोकळा आहे का, हे मे महिन्यात चालून बघा. वेड्या बाभळी, कुणीतरी टाकलेला राडारोडा, वाढवलेला बांध, यांनी तो चर बुजला की पाणी पाळूच्या पायथ्याकडं वळतं आणि तुमच्या शेतातही भलतीकडून घुसतं. चरात अतिक्रमण भावकीतल्या माणसाचं असलं तरी बोला.

आमच्या तळ्यावर येळवसेला (वेळ अमावास्येला) शंभर-दीडशे माणसं येतात. मंडळातर्फे एक बोट, सेल्फी पॉइंट आणि साउंड लावायचा विचार आहे. काही जण म्हणतात पक्षी जातील. काय करावं?
*तरुण मंडळ, ता. औसा, जि. लातूर*

पोरांनो, येळवस येते मार्गशीर्ष अमावास्येला, आणि पाहुणे पक्षीही त्याच दिवसांत तळ्यावर असतात. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी पाहिला असेल. चक्रवाकाच्या नारिंगी जोड्या येतात, कुठं कुठं पट्टकादंब उतरतात, ते तर हिमालय ओलांडून आलेले. पैठणला नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, पण हे पक्षी तेवढ्या एका पाण्यावर जगत नाहीत. आजूबाजूची लहान तळीही त्यांना लागतात. साउंड नको. आंबील-भज्जी खायला साउंड लागत नाही. मोटारीची बोट नको. वल्ह्याची चालेल, पण लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी चढणार नाही असं ठरवा, आणि उथळ, गाळाच्या काठाकडं नेऊ नका. पक्षी तिथंच चरतात.

सेल्फी पॉइंट सांडव्यावर करणार असाल तर मुळीच नको. शेवाळ असतं, पाय टिकत नाही, खाली दगड. पाळूवर चालायची वाट करा. रोज माणसं चालली की नवं बीळ, नवी भेग लवकर कुणाच्या तरी नजरेस पडते.

तुमच्याकडं गाळ काढला आहे का, ते पत्रात नाही. काढला असेल तर जेसीबीनं पाडलेले उभे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पोळ्याला बैल धुवायला उतरलेलं पोर तिथंच जातं. यंदा पाणी आटलेलं असताना त्या खड्ड्यांच्या कडा उतरत्या करून घ्या आणि बैलांसाठी एकच घाट ठरवून तिथं बांबू रोवून दोर बांधा. पुढं गाळ काढाल तेव्हा पाळूच्या पायथ्याजवळ खणू नका, आणि मध्ये मातीचा एखादा उंचवटा तसाच ठेवा. कुत्री तिथवर पोहोचत नाहीत, म्हणून पाणपक्ष्यांना विसाव्याला तीच जागा बरी पडते.