छोट्या ऑनलाइन व्यवसायाचं पाच वर्षांचं मार्केटिंग कसं आखावं?

प्रश्न: घरगुती लोणची-पापड ऑनलाइन विकायला लागून दोन वर्षं झाली. जाहिरातीवर दर महिन्याला सहा-सात हजार जातात. जाहिरात थांबवली की ऑर्डरी थांबतात. पुढच्या पाच वर्षांसाठी मार्केटिंग कसं आखावं?

उत्तर:

"जाहिरात थांबवली की ऑर्डरी थांबतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या ओटीवर बसून मी माझ्या दिराला अगदी हेच म्हटलं होतं. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

आम्ही चिपळूणचे. आमसुलं, कोकम आगळ (कोकमाचा मीठ घालून टिकवलेला रस), कोकम सरबत आणि कुळथाचं पीठ एवढाच आमचा माल. २०१७ पासून कुरिअरने पाठवतो. सुरुवातीला मुंबई-ठाण्यातले नातेवाईक, मग त्यांच्या सोसायटीतले लोक, असं वाढत गेलं. पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली. नाव, फोन, सध्या राहतात कुठे, मूळ गाव कुठलं, काय नेलं, काय तक्रार केली. आणि शेवटच्या रकान्यात घरात कोण खातं ते. उदाहरणार्थ, "डोंबिवली, मूळ संगमेश्वर, सासऱ्यांना ब्लडप्रेशर, कमी मिठाचं आगळ मागतात. मीठ कमी केलं तर टिकणार नाही असं सांगितलं, सरबत पाठवलं." एकेका गिऱ्हाइकाच्या अशा तीन-चार ओळी.

माझे दीर पुण्यात असतात, जाहिरातीच्याच क्षेत्रात. २०२० मध्ये ते आले, वही चाळली आणि म्हणाले, "वहिनी, वहीतली माणसं मोजत बसून धंदा वाढत नाही. दर महिन्याला नवी माणसं आत यायला हवीत." त्यांचं ऐकलं. महिन्याला ८,००० रुपयांची जाहिरात आणि पहिल्या ऑर्डरवर २० टक्के सूट. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी असतो हे पहिलं बिल बघून कळलं, म्हणजे हातून जात होते ९,४४०.

आठ महिन्यांत ७५,५२० रुपये गेले आणि नवी गिऱ्हाइकं मिळाली २९०. माणशी २६० रुपये. आमची सरासरी ऑर्डर ४५० ची. माल, डबा-बाटली, खोकं, कुरिअर वजा करून हातात ११० उरायचे. प्रत्येक नव्या माणसामागे मी १५० रुपये पदरचे घालत होते. दिरांचं म्हणणं, तो माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घेईल तेव्हा ते वसूल होतील. हिशोब चुकीचा नव्हता. माणसं परत यायला हवी होती, एवढंच. २९० पैकी परत आले ३१. बाकीच्यांना २० टक्के सूट हवी होती, ती मिळाली, गेले. त्याच काळात जुन्या गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून आलेल्या दहांतले सहा तरी पुन्हा मागवत होते, आणि त्यांच्यावर माझा एक रुपया खर्च झाला नव्हता.

मे महिन्यात मी जाहिरात बंद करते म्हटलं. दीर म्हणाले, "सहा महिन्यांत तुमचं नाव कुणाला आठवणार नाही." मी रागावले, तेही रागावले. मी जाहिरात बंद केली.

आणि मग २२ जुलै आला.

चिपळूणच्या लोकांना ही तारीख सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. रात्रभर पाऊस, पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते थांबेचना. २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या वर फळी मारून माल ठेवायची आमच्याकडे पद्धत पडली होती. या वेळी पाणी त्या फळीच्याही वर गेलं. कोकमाचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे जुलैत घरात अख्ख्या वर्षाचा माल असतो. आमसुलांच्या बरण्या, आगळाचे कॅन, पिठाची पोती, नवी खोकी, वजनकाटा, टेबलावर राहिलेला माझा फोन, सगळं पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर खोलीत घोटाभर चिखल आणि त्यावर आगळाचा लालसर थर. तो आंबट वास पुढे दोन महिने भिंतींतून गेला नाही.

वही मात्र वाचली. सासूबाईंनी ती रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माडीवर नेली होती. त्यांना वहीचं महत्त्व मी कधी सांगितलं नव्हतं. मी रोज रात्री त्यात लिहिते हे त्या बघत होत्या, तेवढ्यावरून त्यांनी ती कागदपत्रांत धरली.

रस्ता सुरू झाल्यावर सर्वांत आधी पोचले ते हेच दीर, पाण्याचे कॅन आणि फावडी घेऊन. पाच दिवस चिखल उपसला त्यांनी. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिणं बरं दिसणार नाही.

नवा फोन आल्यावर मी वहीच्या पहिल्या पानापासून फोन लावायला घेतले. वहीत तेव्हा ७४० नावं होती. मदत मागायची नाही असं ठरवलेलं. एवढंच सांगायचं की माल गेला, ज्यांच्या ऑर्डरी अडकल्या त्यांचे पैसे परत करते, कुळथाचं पीठ दिवाळीच्या सुमाराला सुरू होईल, आमसुलं मात्र पुढच्या मे महिन्यात. रोज दुपारी दहा-बारा फोन. तिसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका आजींनी विचारलं, "पुढच्या वर्षीच्या आमसुलांचे पैसे आत्ता दिले तर चालतील का गं?" मी नको म्हणत होते, त्यांनी नातवाकडून पाठवलेसुद्धा. मग कुणी कुणाला सांगितलं माहीत नाही, पण गणपतीपर्यंत ११८ जणांनी दहा महिन्यांनी मिळायच्या मालाचे पैसे आगाऊ भरले होते. त्या पैशांतून पहिला कुळीथ घेतला, भाजला, भरडला, पाखडून सालं काढली, दळला आणि पुन्हा सुरू झालो. ११८ जणांची आमसुलं २०२२ च्या जूनआधी पोचती केली, एकही बाकी ठेवलं नाही.

त्या ११८ मध्ये जाहिरातीतून आलेले किती होते हे मी वहीत तपासलं. चार.

म्हणून माझं मत साफ आहे. गिऱ्हाइकाची वही हेच छोट्या धंद्याचं दीर्घकाळचं मार्केटिंग. बाकीचं सगळं ती वही भरण्यासाठी. तुमचे इन्स्टाग्रामवर कितीही फॉलोअर असोत, उद्या खातं बंद पडलं तर त्यातल्या एकालाही तुम्हाला फोन लावता येणार नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथे नाव कमावलेल्या माणसांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. त्यांची काही चूक नव्हती. पत्ते-फोन त्यांच्याजवळ नव्हते, बस.

आता तुमच्या लोणच्या-पापडांविषयी. पाच वर्षांचा तक्ता मला करता येत नाही, मी हंगामाने चालते. तुम्हीही तसंच करा. कैरीचं लोणचं, पापड, लिंबाचं लोणचं, ज्याचा माल ज्या दिवसांत ताजा तयार होतो त्या दिवसांत त्याचा एकच निरोप पाठवा. वर्षाला चार-पाच निरोप झाले, पुरे. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानाला लोक म्यूट करतात. व्हॉट्सॲपची एक गोष्ट ध्यानात ठेवा, ब्रॉडकास्टचा निरोप ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून माझ्या खोक्यात चिठ्ठी असते, तिच्यावर पहिली ओळ "हा नंबर सेव्ह करा, नवी आमसुलं आली की कळवू". आणि ज्याने नको म्हटलं त्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढायचं.

पार्सल पोचल्यानंतर पंधराव्या दिवशी फोन करा. पोचल्या दिवशी करू नका, तेव्हा माणसाने बरणी उघडलेली नसते. पंधराव्या दिवशी तो खरं बोलतो. मला अशा फोनवर सगळ्यांत जास्त ऐकू आलेली तक्रार म्हणजे "आमसुलांवर पांढरं काहीतरी आलंय, बुरशी आहे का?" ती बुरशी नसते. कोकमाची सालं मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात, ते मीठ नंतर वर फुटतं. आमसूल पाण्यात टाकलं की पांढरं विरघळून जातं. बुरशी असेल तर ती तंतूंसारखी दिसते, विरघळत नाही आणि कुबट वास येतो. हे मी शंभरेक वेळा फोनवर सांगितलं असेल. मग आमच्या वेबसाइटवर तेवढ्याच एका प्रश्नावर मराठीत एक पान लिहिलं, दोन फोटो लावले, एक मिठाचा आणि एक बुरशीचा. ते पान २०१९ चं आहे. आजही लोक गूगलवर तोच प्रश्न विचारत तिथे येतात, बहुतेकांनी आमसुलं दुसऱ्याच कुणाकडून घेतलेली असतात. त्यातले काही पुढची आमसुलं आमच्याकडून नेतात. साइटच्या नावाचे वर्षाला हजारेक रुपये भरते, त्या पानावर त्यापलीकडे खर्च नाही.

तुमच्या लोणच्याचे असे प्रश्न कुठले ते तुम्हाला पाठ असतील. तेल वर आलं नाही तर काय, फोडी मऊ का पडल्या, बरणी फ्रिजमध्ये ठेवायची का. प्रत्येक प्रश्नावर एक पान, तुमच्या स्वतःच्या बरणीचा फोटो लावून. महिन्याला एक लिहिलंत तरी पाच वर्षांत साठ होतील.

सूट देणं मात्र ताबडतोब थांबवा. द्यायचीच असेल तर जुन्या माणसाला द्या, आणि तीही पैशांत नको. मी तिसऱ्या ऑर्डरीला पावशेर कुळथाचं पीठ न सांगता टाकते. न सांगता टाकलेल्या वस्तूचा फोन येतोच.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या, आता लिहिते. जाहिरात वाईटच असं मी म्हणत नाही. वही कोरी असेल तर पहिले शंभर जण कुठून तरी आणावेच लागतात, प्रदर्शनातून, सोसायटीतून नाहीतर जाहिरातीतून. तुमचा एक गिऱ्हाईक वर्षाला किती वेळा घेतो आणि त्यातून तुम्हाला किती उरतात हा आकडा काढा. तो जाहिरातीच्या माणशी खर्चापेक्षा चांगला मोठा असेल तर खुशाल करा. माझा नव्हता. आणि हे सगळं पुन्हा पुन्हा लागणाऱ्या वस्तूंचं झालं. कुणी फर्निचर किंवा लग्नाच्या पत्रिका विकत असेल तर पंधराव्या दिवशीच्या फोनने दुसरी ऑर्डर येणार नाही, त्यांचं गणित वेगळं.

वहीत लोकांच्या घरातली दुखणी-खुपणी असतात, म्हणून ती दुसऱ्या कुणाला दाखवू नका. मला एका दुकानदाराने यादीचे पैसे देऊ केले होते, मी नाही म्हटलं. आणि एकच प्रत ठेवू नका. माझी आता एक्सेलमध्येही आहे. ते काम पुराच्या त्याच पाच दिवसांत दिरांनी केलं, दिवसा चिखल आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पानांचे फोटो. पुण्याला गेल्यावर सगळी ७४० नावं टाइप करून पाठवली. "घरात कोण खातं" हा रकाना सोडू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी सोडू नका म्हटलं, आणि त्यांनी तो शब्दन् शब्द उतरवला.