अर्थची तार की अर्थाची?

प्रश्न असा: भाचा घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवतो, कधी ‘अर्थ’ (इंग्रजीतला earth) म्हणतो, कधी ‘ग्राउंड’. दोन्हींना ‘भूसंपर्क’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘अर्थाची तार’ बरोबर की ‘अर्थची’?

नाही चालणार. भूसंपर्क म्हटला की जमीन आलीच. आपल्या नागपुरात मे महिन्यात लोखंडी कूलरला हात लागून झटका बसला, की घरातलं कोणीतरी विचारतंच, ‘अर्थिंग आहे का बे याले?’ मग अर्थची तार जिथे पुरलेली असते, त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, कारण सुकलेली माती वीज नीट नेत नाही. हा खरा भूसंपर्क.

अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ग्राउंडचा मातीशी संबंध असेलच असं नाही. सेलवरच्या ट्रान्झिस्टरलाही ग्राउंड असतं. सर्किटमधले बाकीचे व्होल्ट जिथून मोजायचे, तो शून्य म्हणजे ग्राउंड. दुरुस्तीवाले त्याला ‘कॉमन’ म्हणतात, गाड्यांचे इलेक्ट्रिशियन ‘बॉडी’. मला ‘कॉमन’च नेमका वाटतो. (ग्राउंड म्हटलं की आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना क्रिकेटच आठवतं.)

मी एलए ४४४० या आयसीचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवला, तेव्हा स्पीकरमधून सतत घूंऽऽ. पाहिलं तर इनपुट सॉकेटची कड डब्याला टेकलेली आणि बोर्डाचा कॉमनही स्क्रूने डब्यालाच. दोन वाटा झाल्या, आणि सप्लायचा करंट सिग्नलच्या वाटेनेही फिरू लागला. सॉकेटखाली फायबरचा वायसर घातला, घूं गेली. याला ग्राउंड लूप म्हणतात. मी ‘ग्राउंडचा फेरा’ म्हणतो. इथे ‘भूसंपर्क’ लिहिलंत तर वाचणारा खड्ड्यात पाणी ओतायला जाईल. किंवा त्याहून वाईट, घूं थांबवायला प्लगची जाडी पिन काढून टाकेल. ती पिन कूलरवाल्या अर्थची. डब्यात करंट उतरला तर तीच वाचवते, तिला हात लावायचा नाही.

आता विभक्ती. संस्कृतातला ‘अर्थ’ सामान्यरूप घेतो: अर्थाचा अनर्थ. वायरमन मात्र इंग्रजीतल्या ‘अर्थ’ला तसाच ठेवून ‘अर्थला जोड’, ‘अर्थची तार’ म्हणतो, जसं आपण बसची, लाइटची म्हणतो. लिहिण्यात दोन्ही शब्द सारखेच, त्यांना वेगळं ठेवते ती ही विभक्तीच. म्हणून ‘अर्थची’. ‘अर्थाची तार’ लिहिलंत तर लोकांना कविता वाटेल.